लडाखचा बेत आखताना आधी रात्री मोजा

फेब्रुवारी-मार्च उजाडला की मुलांच्या परीक्षांच्या वेळापत्रकाबरोबर अनेक मराठी घरांत आणखी एक वेळापत्रक तयार होऊ लागते. ते लडाखच्या सहलीचे. मोबाइलवरच्या गटात नकाशे फिरतात. मोटारसायकली इथून रेल्वेने पाठवायच्या की मनालीत भाड्याने घ्यायच्या, यावर वाद झडतात. क्लच केबल, पंक्चरचे सामान, जादा पेट्रोलचे कॅन, पावसाळी जाकिटे यांच्या याद्या होतात. रोज किती किलोमीटर कापायचे, हेही ठरते. पण त्या तक्त्यात एक रकाना बहुधा नसतो. रोज रात्री झोपायचे ते किती उंचीवर?

सहल सुखरूप पार पडेल की नाही, हे बऱ्याच अंशी याच रकान्यावर ठरते. विरळ हवेचा त्रास हा लडाखच्या प्रवासातला सर्वांत मोठा वैद्यकीय धोका आहे, आणि तो बहुतेक वेळा टाळता येतो. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. लागतात ते दोन-तीन मोकळे दिवस, आणि नेमके तेच सुट्टीच्या हिशेबात सर्वांत आधी कापले जातात.

सह्याद्रीचा अनुभव किती कामाचा?

‘आम्ही दर रविवारी किल्ला चढतो, आम्हाला काय होणार?’ हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. सह्याद्रीत चालण्याने पाय, गुडघे आणि दम नक्कीच तयार होतो. पण महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी सुमारे ३,५०० मीटरवरच्या लेह शहराची बरोबरी होत नाही. आणि लेह ही तर प्रवासाची सुरुवात. पँगाँग सरोवर सव्वाचार हजार मीटरच्या आसपास आहे, त्सो मोरिरी साडेचार हजारांवर आणि खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर.

विरळ हवेच्या त्रासाचा आणि तंदुरुस्तीचा थेट संबंध नाही. रोज दहा किलोमीटर धावणारा पंचविशीतला तरुण आजारी पडतो आणि त्याची पन्नाशीतली आई ठणठणीत राहते, असे घडू शकते. उलट तंदुरुस्त माणूस जोरात चालतो, विश्रांतीला कमीपणा समजतो, डोके दुखत असल्याचे सांगत नाही आणि म्हणूनच जास्त अडचणीत येतो. कोणाला त्रास होईल हे घरी बसून सांगणारी खात्रीची तपासणी नाही. आधी कधी उंचावर त्रास झाला असेल, तर पुन्हा होण्याची शक्यता जास्त, एवढा अंदाज बांधता येतो.

हवा तीच, दाब कमी

उंचावर हवेतला ऑक्सिजन कमी होतो, असे आपण म्हणतो. काटेकोरपणे सांगायचे तर हवेतले त्याचे प्रमाण मुंबईत आणि खारदुंग लावर सारखेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश उरतो आणि खारदुंग लावर निम्म्याच्या जेमतेम वर. त्यामुळे प्रत्येक श्वासात हाती लागणारा ऑक्सिजन त्याच हिशेबाने घटतो. लेहमध्ये पाणी ८८-८९ अंश सेल्सिअसलाच उकळते आणि कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही, त्याचे कारणही हेच.

शरीर या बदलाशी जुळवून घेते, पण टप्प्याटप्प्याने. पहिल्या काही मिनिटांतच श्वास खोल आणि जलद होतो, नाडीचे ठोके वाढतात. जास्त श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होऊ लागते. त्यामुळे मेंदूतले श्वासाचे केंद्र ‘आता पुरे’ असा आदेश देते. हा अडसर दूर करण्यासाठी मूत्रपिंडे लघवीवाटे बायकार्बोनेट बाहेर टाकतात. उंचावर गेल्यावर लघवीला वारंवार जावे लागते, ते पुष्कळदा जुळवून घेण्याचेच लक्षण असते. मूत्रपिंडांच्या या कामाला दोन ते चार दिवस लागतात. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात.

दिल्लीहून विमानाने सव्वा-दीड तासात लेहला उतरणारा प्रवासी ही सगळी प्रक्रिया विमानातच उरकून येऊ शकत नाही. पहिल्या दिवशी उत्साह असतो, डोंगर डोळ्यांत मावत नाहीत, अंगाला काही जाणवत नाही. त्रास साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो, बहुतेकदा पहिल्या रात्री. म्हणून ‘दुपारपर्यंत तर काहीच झाले नाही’ या भरवशावर लगेच फिरायला निघणे फसवे ठरते.

जुनी डोकेदुखी, सैनिकांचा धडा

हा आजार नवा नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका चिनी अधिकाऱ्याने काश्मीरकडे येणाऱ्या डोंगरी वाटेचे धोके सांगताना ‘मोठ्या डोकेदुखीचा’ आणि ‘लहान डोकेदुखीचा’ अशा डोंगरांचा उल्लेख केला होता. तिथे माणसांचे डोके दुखते आणि त्यांना उलट्या होतात, असे ते वर्णन आहे.

या आजाराच्या आधुनिक अभ्यासात भारतीय डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. १९६२च्या युद्धात मैदानी प्रदेशातल्या जवानांना घाईघाईने हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले. त्यातल्या अनेकांना शत्रूच्या गोळीआधी विरळ हवेने गाठले. सैन्यातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. जगभरच्या वैद्यकीय लिखाणात तो आजही उद्धृत होतो.

त्या अनुभवातून सैन्याने जुळवून घेण्याचे वेळापत्रकच बांधले. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १२ ते १५ हजार फुटांवर आणखी चार दिवस आणि त्यापुढे पुन्हा चार दिवस. लेह पहिल्या टप्प्यात येते. या सहांपैकी पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती, मग हळूहळू वाढवत नेलेले चालणे. निवडून घेतलेल्या, रोज कवायत करणाऱ्या जवानांना जर सहा दिवस दिले जातात, तर वर्षभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने स्वतःला निदान दोन दिवस तरी द्यावेत. लेहला विमानाने उतरणाऱ्यांना किमान ४८ तास विश्रांती घ्यायला सांगितले जाते, ते यासाठीच.

डोकेदुखी, धाप आणि अडखळती पावले

विरळ हवेचा त्रास तीन रूपांत येतो. पहिले रूप सौम्य आणि नेहमीचे. डोके दुखते आणि त्याच्या जोडीला मळमळ, जेवणावरची वासना उडणे, गळून गेल्यासारखे वाटणे किंवा चक्कर. रात्री दारू जास्त झाल्यावर सकाळी वाटते, तसे काहीसे. बहुतेकांना एक-दोन दिवस आहे त्याच उंचीवर विश्रांती घेतल्यावर बरे वाटते. अट एकच, त्रास असेपर्यंत आणखी वर जायचे नाही.

दुसरे रूप म्हणजे फुफ्फुसात पाणी होणे. हे बहुधा नव्या उंचीवर पोहोचल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, विशेषतः रात्री बळावते. सपाटीवर दोन पावले टाकतानाही धाप लागणे, बसल्याजागी दम लागणे, कोरडा खोकला, छातीत जडपणा, ओठ-नखे निळसर दिसणे आणि पुढे गुलाबी फेसाळ थुंकी, ही त्याची लक्षणे. त्याआधी डोके दुखलेच पाहिजे असे नाही. ‘थंडीने खोकला झालाय’ किंवा ‘न्यूमोनिया असेल’ असे समजून रात्र काढणे जिवावर बेतू शकते.

तिसरे रूप मेंदूला सूज येण्याचे. माणूस असंबद्ध बोलतो, चिडचिड करतो, एकटाच बसून राहतो, झोपेतून नीट जागा होत नाही, चालताना झोकांड्या जातात. यासाठी एक साधी परीक्षा कोणालाही घेता येते. जमिनीवर सरळ रेघ ओढायची आणि एका पायाच्या चवड्यापुढे दुसऱ्याची टाच टेकवत तिच्यावरून दहा-बारा पावले चालायला सांगायचे. तोल गेला, तर तो थकवा नाही, धोक्याचा इशारा आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रूपात उपाय एकच महत्त्वाचा. ताबडतोब खाली उतरणे, आणि मिळेल तिथे ऑक्सिजन. सकाळची वाट पाहायची नाही. आजारी माणसाला एकट्याने पाठवायचे नाही आणि तंबूत एकटे ठेवायचे नाही. लेहमध्ये सोनम नुर्बू स्मारक रुग्णालय हे सरकारी रुग्णालय आहे आणि तिथल्या डॉक्टरांना या आजाराचा दांडगा अनुभव आहे.

लहान मुले डोकेदुखी सांगू शकत नाहीत. मूल विनाकारण किरकिर करते, खेळत नाही, खात नाही, नीट झोपत नाही, तर उंचावर ते विरळ हवेमुळेच आहे असे धरून चालावे. मोठ्यांनाही हाच नियम लावावा. पोट बिघडले असेल, प्रवास बाधला असेल, ही कारणे नंतर शोधता येतात.

एका वेळापत्रकाची तपासणी

आता नेहमी पाहायला मिळणारा सहा दिवसांचा बेत घेऊ. पहिला दिवस विमानाने लेह. दुसरा दिवस लेहच्या आसपास. तिसऱ्या दिवशी खारदुंग ला ओलांडून नुब्रा खोऱ्यात मुक्काम. चौथ्या दिवशी श्योक नदीच्या काठाने पँगाँग आणि सरोवराकाठी तंबूत मुक्काम. पाचव्या दिवशी लेहला परत, सहाव्या दिवशी विमान.

किलोमीटरच्या दृष्टीने हा बेत सुटसुटीत आहे. आता त्यात झोपण्याची उंची लिहू. लेह ३,५००, पुन्हा लेह ३,५००, नुब्रातले हुंदर सुमारे ३,१००, पँगाँग सुमारे ४,२५०. चौथ्या रात्री एकदम हजार मीटरहून मोठी उडी दिसते. पर्वतवैद्यकातला सर्वमान्य नियम असा की, तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस चढ न करता थांबावे. दिवसा उंच खिंड ओलांडून रात्री खाली येणे शरीराला तुलनेने सोसते. रात्रभर उंचावर झोपणे अवघड जाते, कारण झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातला ऑक्सिजन आणखी घसरतो.

हाच बेत दोन दिवस वाढवून कितीतरी सुरक्षित करता येतो. लेहमध्ये तीन रात्री काढाव्यात. पहिल्या दिवशी फक्त आराम, दुसऱ्या दिवशी बाजारापर्यंत सावकाश फेरी, तिसऱ्या दिवशी गाडीने जवळचे मठ. मग नुब्रात दोन रात्री. नुब्रा लेहपेक्षा खाली आहे, तिथे वाळूच्या टेकड्या आणि दोन मदारींचे उंट आहेत, मुलेही रमतात. पँगाँग शेवटी आणि एकच रात्र. ज्यांना आधी थोडाही त्रास झाला असेल, त्यांनी सरोवर दिवसा पाहून तांगत्सेसारख्या त्यामानाने खालच्या गावी झोपावे. त्सो मोरिरी किंवा हानले पाहायचे असेल, तर ते पहिल्या आठवड्यानंतर. सहाच दिवस हाताशी असतील, तर पँगाँगचा मुक्काम वगळावा.

गाडीने जाणाऱ्यांपुढे दोन रस्ते असतात. श्रीनगर १,५८५ मीटरवर आहे, पुढे कारगिल सुमारे २,७०० मीटरवर आणि मग लेह. झोजी ला आणि फोतू ला या खिंडी दिवसा ओलांडल्या जातात आणि रात्रींची उंची पायऱ्यांसारखी वाढते. मनालीच्या रस्त्यावर मात्र मोठा सापळा आहे. मनाली साधारण २,०५० मीटरवर. अटल बोगदा झाल्यापासून लाहौलमध्ये पोहोचणे सोपे झाले आहे, आणि त्यामुळे पहिल्याच दिवशी सर्चू गाठण्याचा मोह होतो. सर्चू जवळजवळ ४,३०० मीटरवर आहे. एका दिवसात सव्वादोन हजार मीटर! त्यापेक्षा केलाँग किंवा जिस्पा इथे, ३,१०० ते ३,२०० मीटरवर, दोन रात्री काढाव्यात आणि तिसऱ्या दिवशी पहाटे निघून सर्चू, पांग दिवसाउजेडी मागे टाकत लेह गाठावे. दिवस लांबलचक होतो, पण रात्र सुरक्षित होते. जाताना श्रीनगरमार्गे आणि येताना मनालीमार्गे, हा क्रम शरीराला सर्वांत मानवणारा.

उतरायची वाट कुठे आहे?

‘त्रास झाला तर खाली उतरू’ हे लडाखमध्ये म्हणायला सोपे आहे. नकाशा नीट पाहिला तर कळते की, काही ठिकाणांहून खाली जाण्यासाठी आधी वर चढावे लागते. सर्चूच्या एका बाजूला सुमारे ४,९०० मीटरची बारालाचा ला, दुसऱ्या बाजूला पाच हजारांच्या आसपासच्या खिंडी. मध्यरात्री तिथे कोणाला धाप लागली, तर दोन्हीकडे चढच आहे. नुब्रातून लेहला यायचे तर नेहमीचा रस्ता पुन्हा खारदुंग लावरूनच येतो. दरड कोसळली, बर्फ पडले किंवा सैन्याच्या गाड्यांचा ताफा आला, तर रस्ता तासन् तास बंद राहू शकतो.

म्हणून मुक्कामाच्या प्रत्येक गावापुढे आणखी दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात. सर्वांत जवळचे रुग्णालय कुठे आहे, आणि तिथे पोहोचण्यासाठी मध्ये खिंड आहे का. इतर राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत आणि लेहबाहेर मोठ्या पट्ट्यात कुठलाच मोबाइल लागत नाही, हेही ध्यानात घ्यावे. बेताची एक प्रत घरी आणि एक लेहमधल्या हॉटेलात ठेवावी.

गोळी, कापूर आणि ऑक्सिजनचा डबा

डायमॉक्स या नावाने ओळखली जाणारी अॅसिटाझोलामाइडची गोळी मूत्रपिंडांचे वर सांगितलेले काम लवकर व्हायला मदत करते. विमानाने थेट लेहला जाणाऱ्यांना डॉक्टर ती पुष्कळदा देतात. प्रौढांना साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. तिच्यामुळे बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते आणि सोड्याची चव बेचव लागते. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. गोळी घेतली म्हणजे विश्रांतीचे दिवस गाळायला परवाना मिळाला, असे नाही.

कापराची पुरचुंडी हुंगण्याची पद्धत आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. कापराच्या गार वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. लहान मुलाने कापूर तोंडात टाकला तर फिट येऊ शकते, हे मात्र खरे. दुकानात मिळणारा ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत रिकामा होतो. तो खाली उतरण्याला पर्याय नाही. लसूण, कॉफी, भरपूर पाणी यांनीही आजार टळत नाही. पाणी पुरेसे प्यावे, लघवी फिकट पिवळी राहील इतपत. हट्टाने सहा-सात लिटर पिण्याने रक्तातले मीठ घटून नवीच भानगड उद्भवू शकते.

करोनाकाळापासून घरोघरी ऑक्सिमीटर आले आहेत. ते बरोबर असायला हरकत नाही, पण मुंबईचा निकष लेहला लावू नये. लेहला पोहोचल्यावर पहिल्या दिवशी ८५ ते ९० असे आकडे निरोगी माणसातही दिसतात. बोटे गार असतील तर आकडा आणखी चुकतो. आकडा बरा पण माणूस झोकांड्या खातोय, तर माणसाकडे बघावे. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिले काही दिवस पूर्ण वर्ज्य, कारण दोन्हींनी झोपेतला श्वास आणखी मंदावतो.

निघण्याआधी डॉक्टरांना कोणी भेटावे?

हृदयविकार, दम्याचा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार, ताब्यात नसलेला रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तिकिटे काढण्याआधी सल्ला घ्यावा. मधुमेह असणाऱ्यांनी इन्सुलिन सामानाच्या पेटीत न ठेवता अंगावरच्या कपड्यांत आतल्या खिशात ठेवावे. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या ‘सहलीपुरत्या’ बंद करू नयेत.

महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. सिकलसेलच्या रुग्णांनी इतक्या उंचीवर जाणे टाळावे. पण ज्यांच्यात हा दोष अर्धाच असतो, ज्यांना वाहक म्हणतात, त्यांना एरवी कसलाही त्रास नसतो आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे माहीतही नसते. उंचावर ऑक्सिजन कमी पडला की त्यांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो. डाव्या बरगड्यांखाली अचानक तीव्र कळ येते. कुटुंबात कोणाला सिकलसेल असेल, तर जाण्याआधी रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी.

वाळवंट थंड असले तरी वाळवंटच

लेहमध्ये वर्षाकाठी साधारण १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडते. कोकणात हे कधी कधी एका दिवसात होते. या कोरड्या हवेत घाम दिसत नाही, पण प्रत्येक श्वासाबरोबर पाणी उडून जाते. नाकातून रक्त येणे, ओठ फुटणे, घसा सोलवटणे नेहमीचेच. नाकात आणि ओठांवर पेट्रोलियम जेली लावावी. दर हजार मीटरला अतिनील किरणे दहा-बारा टक्क्यांनी वाढतात आणि ताज्या बर्फावरून त्यांतली बरीचशी परत उसळतात. बाजूंनी झाकलेला चांगला गॉगल नसेल, तर काही तासांतच डोळ्यांत वाळू गेल्यासारखे दुखून ते उघडता येत नाहीत.

थंडीच्या भीतीने तंबू किंवा खोली बंद करून आत शेगडी, बुखारी किंवा स्टोव्ह पेटवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याची डोकेदुखी विरळ हवेच्या डोकेदुखीसारखीच असते. एकाच तंबूतल्या सगळ्यांचे डोके एकदम दुखू लागले, तर आधी सर्वांनी बाहेर यावे.

आडवाटेने गाडी घालणाऱ्यांसाठी आणखी दोन सूचना. बर्फ वितळून येणारे नाले सकाळी उथळ असतात आणि दुपारी ऊन तापल्यावर फुगतात, त्यामुळे ते सकाळीच ओलांडावेत. दुसरे म्हणजे सरोवराकाठच्या वाळूत किंवा ओल्या कुरणात गाडी घालू नये. तिथले विरळ गवत आणि पाणथळ जागा पुन्हा सावरायला वर्षे लागतात, आणि काळ्या मानेचे क्रौंच तिथेच अंडी घालतात. त्यातून गाडी रुतलीच, तर सव्वाचार हजार मीटरवर ती जोर लावून ढकलणे म्हणजे नुकतेच कुठे जुळवून घेऊ लागलेल्या शरीराला धावायला लावणे. अशा वेळी थांबून दुसऱ्या गाडीची मदत घ्यावी. विरळ हवेत विचार आणि प्रतिक्रिया दोन्ही मंदावतात, म्हणून दर दोन तासांनी चालक बदलावा आणि अंधारात खिंडीत गाडी चालवू नये.

‘परत फिरू’ कोण म्हणणार?

इतके सगळे माहीत असूनही माणसे अडकतात, ती अज्ञानापेक्षा संकोचामुळे. सहा जणांची सुट्टी जुळवलेली असते, तंबूचे पैसे भरलेले असतात, आणि आपल्या डोकेदुखीपायी सगळ्यांचा विरस कशाला, असे आजारी माणसाला वाटते. तो गुपचूप गोळी घेतो आणि गाडीत बसतो. बाकीच्यांनाही तेच बरे वाटते. त्यातून आजाराने मेंदूच गढूळला असेल, तर आपण आजारी आहोत हे त्याला स्वतःला उमगत नाही.

म्हणून हा निर्णय उंचावर पोहोचल्यावर नव्हे, घरी चहाच्या टेबलावरच घ्यावा. गटातल्या एकाला तो अधिकार द्यावा. रोज सकाळी आणि रात्री त्याने प्रत्येकाला चार प्रश्न विचारावेत. डोके दुखते का, जेवण गेले का, झोप कशी झाली, बसल्याजागी दम लागतो का? तो ‘आज वर जायचे नाही’ किंवा ‘आता उतरायचे’ म्हणाला, तर त्यावर मतदान नाही. ही व्यक्ती गाडी चालवणारी नसावी आणि तिला स्वतःला बरे नसेल तेव्हा तिच्या जागी कोण, हेही ठरलेले असावे.

बेताच्या कागदावर मग पाच रकाने होतात. तारीख, अंतर, झोपण्याची उंची, जवळचे रुग्णालय, वाटेत खिंड आहे की नाही. आणि त्या कागदावर कुठेतरी एक दिवस कोरा ठेवलेला असावा. दरड कोसळली तर तो उपयोगी पडेल, कोणाचे डोके दुखले तरी. यातले काहीच झाले नाही, तर लेहच्या बाजारात उन्हात बसून ताजे जर्दाळू खायला तो दिवस पुरेसा आहे.